दुसरे लुगडे

अनोळखी वस्तीत नोकरीवर रुजू होताना छातीत धडधडते. वाट नवी असते, माणसे न्याहाळतात, नाव ऐकून काही जण क्षणभर गप्प होतात. ही भीती म्हणजे दुबळेपणा आहे काय?

आपल्या पुण्याचेच उदाहरण घेऊ. १८४८ साली सतरा वर्षांच्या सावित्रीबाई फुले बुधवार पेठेतल्या भिडे वाड्यात मुलींना शिकवायला जाऊ लागल्या. वाट पायी जाण्याइतकीच, पण शिकवायला निघालेल्या बाईला ती परमुलखाइतकी परकी होती. अंगावर शेण, चिखल पडे. म्हणून त्या सोबत दुसरे लुगडे नेत आणि शाळेत बदलत. त्या लुगड्यात मला बेफिकिरी दिसत नाही, तर भीती गृहीत धरून केलेली तजवीज दिसते. भीतीला त्यांनी पिशवीत जागा दिली, पायांत दिली नाही.

मात्र हिंमत एकट्याच्या बळावर टिकत नाही. घर सोडावे लागले, तेव्हा फुले दांपत्याला उस्मान शेख यांनी आसरा दिला. १० ऑक्टोबर १८५६ च्या पत्रात, माहेरी आजारी असलेल्या सावित्रीबाई पुण्यात काम ओढणाऱ्या फातिमाची काळजी करतात.

मग सारा जाब नवख्यालाच का विचारायचा? भीतीसकट वेळेवर पोहोचणे हे त्याचे कर्तव्य, ती भीती हलकी करणे हे वस्तीचे. नव्या बाईंना कोणी “या, बसा, पाणी घ्या” म्हटले, तर दुसरे लुगडे पिशवीतच राहते.