रिकाम्या फातोर्ड्यातला देव

शिमगा जवळ आला की कोकणातल्या आमच्या पाली गावात एक जुना वाद नव्यानं निघतो. ग्रामदेवतेला रूपं लागतात, पालखी देवळाबाहेर पडते, सहाणेवर बसते, मग घरोघरी जाते. त्या दिवसांत देव नक्की कुठे असतो? गाभाऱ्यात, पालखीत, की ज्याच्या ओटीवर पालखी टेकली त्याच्या घरात? सहाण म्हणजे एरवी साधा चौथरा. शिमग्यात मात्र तिच्यावर चप्पल घालून चढायची कुणाची छाती नाही. हे पावित्र्य येतं कुठून आणि उतरतं कधी? मी एसटीतला निवृत्त कंडक्टर. शास्त्र वाचलेलं नाही, पण माणसं भरपूर पाहिलीत, म्हणून या वादात तोंड घालतो.

मला याचा दाखला सापडला तो मडगावात. मुलगी तिकडे दिलेली. जावई एफसी गोवाचे भक्त, आणि भक्त हे मी थट्टेनं म्हणत नाही. त्यांच्या क्लबाचं घरचं मैदान म्हणजे फातोर्ड्याचं जवाहरलाल नेहरू स्टेडियम. पण घर म्हणावं तर मालकी सरकारची. शिवाय क्लबाचा जन्म २०१४ चा आणि मैदान १९८९ चं. त्याच वर्षी ऑक्टोबरात नेहरू चषकातला ऑस्ट्रेलिया विरुद्ध श्रीलंका सामना तिथे झाला, म्हणजे फुटबॉलवेड्या गावात क्रिकेटनंही सुरुवातीलाच मान घेतला. पुढे साळगावकर, धेंपो, चर्चिल ब्रदर्स हे सगळे तिथे खेळले. एका देवळाला चार मानकरी असावेत आणि प्रत्येकानं देव आपला म्हणावा, तशातली गोष्ट.

सोयी पुढे येत गेल्या. जानेवारी २०१४ च्या लुसोफोनिया स्पर्धेसाठी मैदानाचा कायापालट झाला, प्रेक्षकांच्या डोक्यावर छप्पर आलं. २०१७ मध्ये सतरा वर्षांखालच्या मुलांचा विश्वचषक आला, तेव्हा पुन्हा हात फिरला. जावई मला एकेक गोष्ट दाखवत होते, खुर्च्या, दिवे, खेळाडूंच्या खोल्या. मी हिरवळ बघत होतो. आमच्यासारख्याच पावसाच्या मुलखात एवढी सपाट हिरवळ राखायची म्हणजे काय, हे शेती केलेल्याला कळतं. २०१० च्या ऑक्टोबरात याच मैदानावर भारत-ऑस्ट्रेलिया क्रिकेट सामना पावसानं एकही चेंडू न पडता रद्द झाला होता. पावसापुढे कुणाचा मान चालत नाही.

आता जागेच्या सामर्थ्याबद्दल. आपल्याकडे ‘जागृत देवस्थान’ म्हणतात त्याचा व्यवहारातला अर्थ एवढाच की इथे नवस फळतो. घरच्या मैदानाचंही लोक तेच धरून चालतात. २० डिसेंबर २०१५ ला इंडियन सुपर लीगचा अंतिम सामना फातोर्ड्यात होता. चेन्नईयिनसमोर एफसी गोवा, पाठीशी सगळं गाव. शेवटच्या मिनिटांत गोवा २-१ नं पुढे गेला. मग नव्वदाव्या मिनिटाला गोलरक्षक लक्ष्मीकांत कट्टीमणीच्या नावावर स्वयंगोल लागला, आणि पाठोपाठ चेन्नईयिनच्या मेंडोझानं तिसरा गोल मारला. जागृत जागेत, भरल्या गर्दीत, आपल्याच माणसाच्या अंगावरून चेंडू आत.

त्याच मैदानावर २० मार्च २०२२ ला, शिमग्याच्याच दिवसांत, पुन्हा अंतिम सामना. हैदराबाद आणि केरळ ब्लास्टर्स. दोघांचंही घर नाही, पण गुणतक्त्यात वर म्हणून हैदराबादला यजमान मानलेलं. दोघांचाही रंग पिवळा, तो यजमानांना मिळाला आणि केरळचे खेळाडू काळ्या कपड्यांत उतरले. त्यांचे लोक मात्र पिवळेच नेसून आले होते. पेनल्ट्यांवर निकाल लागला आणि हैदराबादच्या गोलात उभा होता तोच कट्टीमणी. तीन पेनल्ट्या अडवल्या त्यानं. जावई म्हणाले, ‘‘बाबा, मैदानानं त्याचं देणं चुकतं केलं.’’ हे मला मुळीच पटत नाही. माती हिशेब ठेवत नाही. ठेवत असेल, तर केरळहून एवढ्या लांब आलेल्या माणसांचं काय देणं लागत होती ती, की त्यांना रडवून पाठवलं? कर्मफळ आहे असं मी मानतो, पण ते चौरस मीटरवर वाटलं जात नाही.

मग जागेत काहीच नाही, सगळं गर्दीत आहे? तेही टिकत नाही. मार्च २०२० मध्ये कोरोनामुळे देवळं बंद झाली, महाराष्ट्रात पाडव्याला, १६ नोव्हेंबरला उघडली. चारच दिवसांनी गोव्यात लीग सुरू झाली ती बंद दरवाज्याआड. देव मोकळा, मैदान कोंडलेलं! देशभरच्या ११ संघांची ‘घरं’ गोव्यातल्या तीन मैदानांवर मांडली होती, फातोर्डा, बांबोळी आणि वास्कोचं टिळक मैदान. वसतिगृहात खाटा लावतात तशी घरं. आणि १४ एप्रिल २०२१ ला एफसी गोवा आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गटात खेळणारा पहिला भारतीय क्लब म्हणून फातोर्ड्यात उतरला, कतारच्या अल रय्यानला ०-० वर रोखलं. क्लबाच्या आयुष्यातला एवढा मोठा क्षण, आणि खुर्च्या रिकाम्या. तेव्हा आमच्याकडची देवळंही पुन्हा बंद होती.

तो गुण नोंदला गेलाच ना? रिकाम्या मैदानातला म्हणून अर्धा धरला नाही. आमच्या गुरवदादांना मी तेव्हा विचारलं होतं, ‘‘दर्शनाला कुणी नाही, तर पूजा पुरी होते का?’’ ते चिडले. म्हणाले, ‘‘तुम्ही आलात म्हणून देवाला आंघोळ घालतो होय मी?’’ गाभारा रोज झाडला जात होता, दिवा लागत होता. फातोर्ड्यातही कुणीतरी रोज हिरवळ कापत होतं, पाणी मारत होतं, चुन्याच्या रेघा ओढत होतं.

तेव्हापासून माझं मत असं की जागा पवित्र होते ती निगेनं. नवस फळल्यानं नाही, गर्दीनं नाही, सातबाऱ्यानं तर नाहीच. प्राणप्रतिष्ठा एकदा होते, पण ती टिकवायला पहाटे उठणारा माणूस लागतो. सहाणेचा चौथरा शिमग्यापुरता देवाचा होतो, कारण मानकरी आधी जाऊन तो धुतात, सारवतात.

जावयांना हे सांगितलं. ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी चहा घेताना म्हणाले, ‘‘२०१६ मध्ये साळगावकर आणि धेंपो आय-लीगमधून बाहेर पडले. माझा थोरला भाऊ साळगावकरचा. हिरवळ त्यानंतरही कापली जातेय, आधीपेक्षा चांगली. पण तो परत मैदानात आला नाही. त्याचा देव कुठे गेला, बाबा?’’

मी गुरवदादांना विचारतो म्हणालो. अजून विचारलेलं नाही.