एकच नाव, दोन व्याधी

आंबागडच्या किल्ल्याच्या पायथ्याशी राहणाऱ्या एका धान-शेतकरी कुटुंबाची कल्पना करू या. ७८ वर्षांचे वडील आणि ४६ वर्षांचा मुलगा, दोघांनाही प्रोस्टेट ग्रंथीचा कर्करोग निघाला. नागपूरच्या फेऱ्या झेपतील त्या एकाच्याच. मुलगा म्हणतो, "आधी बाबाचं पाहू." या शब्दांत चौथी आज्ञा पाळण्याची तळमळ आहे. परंतु तेवढ्याने ते न्याय्य ठरते काय?

व्याधीचे नाव एक असले तरी तिची घडण वयानुसार बदलते. २०१३ साली जर्मन संशोधकांना आढळले, की पन्नाशीच्या आतल्या रुग्णांत पुरुषी संप्रेरकाच्या प्रभावाने जनुकांची मोडतोड होऊन चुकीची सांधणी होते. वृद्धांत मात्र बारीकसारीक बिघाड वर्षानुवर्षे साचत जातात. अल्पवयीन रुग्णांत आनुवंशिक दोषही अधिक वेळा सापडतात. तरुणाचा रोग नेहमीच उग्र नसतो. पण उग्र निघाला, तर तो फार लवकर जीव घेऊ शकतो. उलट, अन्य कारणांनी वारलेल्या कित्येक वृद्धांच्या शवविच्छेदनात हा कर्करोग दिसतो, जो त्यांना हयातभर जाणवलाही नव्हता. ब्रिटनमध्ये ५० ते ६९ वयाच्या १,६४३ रुग्णांची पाहणी झाली. रोग ग्रंथीपुरताच होता. शस्त्रक्रिया, किरणोपचार वा केवळ देखरेख, काहीही केले तरी १५ वर्षांत या रोगाने दगावले ते शंभरात सुमारे तीनच.

म्हणून दोघांना सारखेच उपचार देणे म्हणजे समता नव्हे. १९५७ साली पोप बारावे पायस यांनी सांगितले, की जीव राखण्यासाठी सामान्य साधने वापरणे हे कर्तव्य आहे. व्यक्ती, स्थळ व काळ पाहता जी फार जड ओझे होतात, ती बंधनकारक नाहीत. मूत्रावरील ताबा घालवू शकणारी शस्त्रक्रिया वृद्धाच्या माथी मारणे हीच पितृभक्ती, असे आम्हांला वाटत नाही. नियमित रक्ततपासणी आणि वडिलांजवळ घटकाभर बसणे, हीसुद्धा सेवाच आहे.

तथापि येथे एक मोह दडलेला आहे. "म्हातारेच झाले आता" असे म्हणून हात झटकणे सोपे असते. वृद्धाचा रोगही कधी उग्र असतो. त्याचा निर्णय तपासणीने व्हावा, जन्मतारखेने नव्हे.

कदाचित वडील स्वतःच म्हणतील, "आधी पोराचं पाहा." तो त्याग त्यांचा असेल, आपण तो त्यांच्यावर लादता कामा नये. त्यासाठी सारी हकिगत त्यांना सांगून, आधी त्यांना विचारले पाहिजे.