आजाऱ्याच्या ईमानाची झडती नको



गेल्या पावसाळ्यात दाभोळमध्ये एका वृद्ध भगिनीच्या भेटीस गेलो होतो. दम्याने त्या बेजार झाल्या होत्या. येणारा प्रत्येक जण आपुलकीने सांगून जाई, "ईमान पक्कं ठेवा, आजार पळून जाईल." मी निघालो तेव्हा त्यांनी हळूच विचारले, "मौलाना, माझं ईमानच कमी पडतंय का?" धीर देण्यासाठी उच्चारलेल्या शब्दांचा त्यांच्या मनात आरोप झाला होता.

मनाचा शरीरावर परिणाम होतो, याविषयी दुमत नाही. सूरह यूसुफमध्ये हजरत याकूब (अ.स.) यांची हकिकत आपण वाचतो. पुत्रवियोगाच्या शोकाने त्यांचे डोळे पांढरे पडले. परंतु त्याच सूरहमध्ये तेच आपल्या मुलांना अल्लाहच्या कृपेविषयी निराश न होण्यास बजावतात. दृष्टी गेली, आशा गेली नाही. शरीर खचले म्हणून ईमान खचले, असा निष्कर्ष काढण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

आता वैद्यकशास्त्राचा एक अनुभव पाहा. बोस्टन येथे दम्याच्या रुग्णांवर झालेला एक प्रयोग २०११ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच रुग्णांना कधी औषधाचा पंप दिला, कधी औषध नसलेला. दोन्ही वेळा त्यांना जवळजवळ सारखेच बरे वाटले. श्वास मोजणाऱ्या यंत्राने मात्र वेगळी साक्ष दिली. औषधाने श्वासाची क्षमता सुमारे २० टक्क्यांनी वाढली. औषध नसलेल्या पंपाने सुमारे ७ टक्के, आणि काहीही उपचार न करता जवळपास तेवढीच. उपचार होत आहेत या विश्वासाने जिवाला आराम पडतो, ही अल्लाहची देणगीच आहे. पण बरे वाटणे आणि बरे होणे यांत अंतर आहे, आणि दम्यासारख्या आजारात ते अंतर जीवघेणे ठरू शकते.

प्रेषित मुहम्मद (स.) यांचा आदर्श याबाबत स्पष्ट आहे. आजाऱ्याच्या भेटीस गेल्यावर ते त्याला धीर देत आणि हे दुखणे पापांपासून शुद्ध करणारे ठरो, अशी आशा व्यक्त करीत. उपचार करण्याची आज्ञाही त्यांनीच दिली, कारण वार्धक्याखेरीज प्रत्येक व्याधीवर अल्लाहने औषध निर्माण केले आहे. आणि स्वतः त्यांना दोन माणसांना यावा इतका तीव्र ताप येत असे, असे सहीह बुखारीत नमूद आहे. दृढ ईमान म्हणजे आजारापासून अभय असते, तर त्यांच्याहून दृढ ईमान कोणाचे?

त्या भगिनींना मी हेच सांगितले. मग विचारले, "पंप वेळेवर घेता ना?" त्या ओशाळल्या. पंप घेतला तर तवक्कुल उणा पडेल, या भीतीने त्यांनी तो कपाटात ठेवून दिला होता.

वाचकहो, आजाऱ्याच्या उशाशी बसाल तेव्हा आशेचे बोल अवश्य बोला, दुआ करा. पण त्याच्या ईमानाची झडती घेऊ नका. औषध संपले आहे का, दापोलीच्या रुग्णालयात न्यायला गाडी हवी आहे का, हे विचारा. ईमानाचा प्रश्न त्या वेळी आपल्यापुढे असतो: शेजाऱ्याच्या दुखण्यात आपण किती उपयोगी पडलो?

अल्लाह सर्व आजाऱ्यांना शिफा देवो. आमीन.