पिल्लू घरी आणण्याची घाई

भाद्रपदात माजावर आलेली कुत्री साधारण 63 दिवसांनी विते. त्यामुळे बार्शीच्या गल्ल्यांत आणि वैराग, पांगरीकडच्या वस्त्यांवर पिल्लं दिसू लागतात ती कार्तिक-मार्गशीर्षात, शाळू पोटरीत असतो तेव्हा. कडब्याच्या गंजीआड पाच-सहा पिल्लं दिसली की पोरं हट्ट धरतात. घरातलं मोठं माणूसही म्हणतं, ''डोळं उघडलं की आणा. लहानपणीच आणलं म्हंजी लळा लागतो.''

डोळे तर दहा-चौदा दिवसांतच उघडतात. तेव्हा पिल्लाला धड चालताही येत नाही, दुधाचे दात तिसऱ्या आठवड्याच्या आसपास दिसू लागतात. पुढचा महिना मला सगळ्यात मोलाचा वाटतो. खेळता खेळता एक पिल्लू भावाचा कान जोरात चावतं, तो कळवळून ओरडतो आणि खेळ तिथंच मोडतो. जरा वेळानं तेच पिल्लू पुन्हा कान धरतं, पण आता हलकेच. आईही दुधाला ओरबाडणाऱ्याला गुरगुरून दूर सारते. दात कुठवर लावायचे हे कुत्रं असं शिकतं. त्याला हे शिकू द्यायचं नाही आणि मोठेपणी ते पोरांना चावलं की काठी उगारायची, हा अन्याय आहे.

लळा लागणार नाही ही भीती खोटी आहे. अमेरिकेत स्कॉट आणि फुलर यांनी वर्षानुवर्षं पिल्लांचा अभ्यास करून 1965 साली ग्रंथ लिहिला. तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यापर्यंत पिल्लू सहज जीव लावतं, असं त्यांना आढळलं. आठव्या आठवड्यात आणलेलं पिल्लूही तुमचंच होतं. फार उशीर मात्र नको, माणसाचा हात न लागता वाढलेलं पिल्लू बुजरं होतं.

केंद्र सरकारच्या 2017 च्या नियमांनुसार आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. पण हा नियम विक्रीचा. गल्लीतलं पिल्लू फुकट मिळतं, तिथं अडवणारं कुणी नसतं, म्हणून तिथं आपणच थांबायला हवं. पोरांनी रोज जाऊन पिल्लांशी खेळावं, ओल्या कुत्रीला भाकरी-पाणी द्यावं, थंडीत गोणपाट टाकावं. पिल्लू निवडून ठेवावं, पण दोन महिने तिच्यापाशीच राहू द्यावं.

आई गाडीखाली गेली असेल तर गोष्ट वेगळी. मग वाट पाहू नये. जमलं तर दोन भावंडं एकत्र आणावीत, ऊब द्यावी. नुसत्या गाईच्या दुधानं त्यांना हगवण लागू शकते, म्हणून आधी जनावरांच्या डॉक्टरांना विचारावं. लसी सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू होतात, रेबीजची तिसऱ्या महिन्यात. ती चुकवू नये, घरात लेकरं असतात.

आणि ती कुत्री? पिल्लं तोडल्यावर तिच्याकडे कुणी वळूनही बघत नाही, पुढच्या मोसमात ती पुन्हा विते. तिचं दूध आटलं की नसबंदीसाठी तिला डॉक्टरांकडे न्यायचं काम पिल्लू नेणाऱ्या घरानंच अंगावर घ्यावं, असं मला वाटतं.