शिट्टी कुणाच्या हातात?

गोल झाला म्हणजे नेमकं काय झालं? चेंडू रेषेच्या आत गेला हे, की पंचानं गोल दिला हे? कॉलेजातली हॉकीवेडी पोरं या एका सवालावर रात्र रात्र भांडतात. आमच्या बीडच्या वसतिगृहातली पोरं भांडलेली मी ऐकली आहेत. या भांडणाला मी रिकामटेकडेपणा म्हणत नाही. त्याच्या पोटात एक प्रश्न आहे आणि तो चळवळीत काम करणाऱ्या प्रत्येकाच्या वाट्याला येतो. चुकीचा निर्णय मुकाट मानायचा कधी, आणि झुगारायचा कधी?

भांडणाचं कारण बर्मिंगहॅमचं. ५ ऑगस्ट २०२२. राष्ट्रकुल स्पर्धा, महिला हॉकीची उपांत्य लढत, भारत विरुद्ध ऑस्ट्रेलिया. आपल्याकडं मध्यरात्र उलटून गेली होती. ऑस्ट्रेलियानं आधी गोल केला, वंदना कटारियानं तो फेडला. १-१ बरोबरी झाली आणि पाळी शूटआउटवर आली. शूटआउटमध्ये खेळाडूला आठ सेकंद मिळतात. तेवढ्यात एकटीनं गोलकीपरला चकवून गोल करायचा. ऑस्ट्रेलियाची रोझी मॅलन पहिली आली. आपल्या सविता पुनियानं तिला अडवलं. गोल नाही. आणि मग कळलं की घड्याळ सुरूच झालं नव्हतं! पुन्हा घ्या. दुसऱ्या खेपेला मॅलननं गोल केला. आपल्या तिघींचेही प्रयत्न वाया गेले. ०-३. मागाहून आंतरराष्ट्रीय हॉकी महासंघानं माफी मागितली. घड्याळ तयार नसताना खेळ सुरू झाला ही चूक, पण अशा वेळी पुन्हा घ्यायचं हाच नियम, असं सांगितलं. निकाल होता तसा राहिला.

पोरांचे तीन तट पडले.

पहिला म्हणतो, "पंचानं दिलं ते घ्यायचं. हरलो तर हरलो. उगं कशाला रडायलाव?"

दुसरा म्हणतो, "सवितानं अडवलेलं सगळ्या जगानं पाहिलं. घड्याळ चालू करायचं काम तिचं होतं का? चूक टेबलावरच्याची, आन् भरायचं तिनं?"

तिसरा हिशेबी. तो म्हणतो, "आपण तीनातला एक बी मारला नाही. ती पहिली अडवणूक धरली असती तरी हरलोच असतो. मग भांडता कशापायी?"

आधी या तिसऱ्याकडं बघू, कारण तो सगळ्यात शहाणा दिसतो आणि त्याचीच भाषा आपल्याला पोलीस ठाण्यात ऐकायला मिळते. साक्षीदार फुटणारच, केस सुटणारच, मग पंचनामा आज केला काय आणि चार दिवसांनी केला काय! निकाल तोच लागला असता म्हणून मधली चूक चूक राहत नाही, असा हा युक्तिवाद. पण पहिलीच अडवणूक धरली गेली असती तर पुढच्या पोरींच्या पायांत किती बळ आलं असतं, हे कोण सांगणार? जे घडूच दिलं नाही त्याचा निकाल आधीच सांगता येत नाही. आणि सांगता आला तरी, माणसाला न्याय मिळतो तो शेवटच्या आकड्यात आणि वाटेवरच्या वागणुकीत, दोन्हीत. तिसऱ्याचं गणित बरोबर असेल. त्याचा न्याय कच्चा आहे.

आता पहिला. पंचाचा निर्णय अंतिम. यात दम आहे, हे मान्य करायला हवं. १५ मार्च १९७५ ला क्वालालंपूरला वर्ल्ड कपची फायनल झाली, भारत विरुद्ध पाकिस्तान. ध्यानचंदचा मुलगा अशोककुमार यानं मारलेला चेंडू आत लागून बाहेर आला. पाकिस्तानचे खेळाडू म्हणाले, आत गेलाच नाही. पंचानं गोल दिला. भारत २-१ नं जिंकला, पहिल्यांदा वर्ल्ड कप हाती आला. तेव्हा आपल्याकडं कुणी म्हटलं नाही की बाबांनो, तो गोल पुन्हा तपासा. वादाचा निर्णय आपल्याकडून लागला की आपण पंचाला देवमाणूस म्हणतो, आणि विरुद्ध लागला की चोर. हा ढोंगीपणा पहिल्या पोराला दिसतो, म्हणून तो म्हणतो की दोन्ही वेळा गप बसा.

पण तो एक गोष्ट विसरतो. क्वालालंपूरचा निर्णय आपल्या बाजूनं आणि बर्मिंगहॅमचा विरुद्ध लागू शकतो, म्हणूनच पंच मानावा लागतो. खेळात पंचाची चूक कुणावरही पडू शकते. मध्यंतरानंतर दोन्ही संघ बाजू बदलतात. तोंडावर ऊन घेऊन खेळलेला पाठीवर ऊन घेऊन खेळतो. पंच मानण्यामागची नीती एवढीच आहे. त्याच बर्मिंगहॅमला दुसऱ्या दिवशी आपल्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे तीन हजार मीटर स्टीपलचेसमध्ये धावला. ८ मिनिटं ११.२० सेकंद. केनियाचा अब्राहम किबिवोट ८ मिनिटं ११.१५. एका सेकंदाच्या विसाव्या हिश्शानं सोनं गेलं, चांदी आली. सारा बीड जिल्हा हळहळला, पण घड्याळाला कुणी शिवी दिली नाही. ते घड्याळ दोघांसाठी एकाच क्षणाला सुरू झालं होतं.

हाच नियम घेऊन आता उसाच्या फडात चला. आपल्या जिल्ह्यात हे लांब नाही. वसतिगृहातल्या कितीतरी पोरांचे आईबाप दसरा-दिवाळी झाली की टोळीत जातात, पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात. नवरा-बायको मिळून एक कोयता. आधी उचल घ्यायची आणि हंगामभर ती फेडायची. मजुरी टनावर. वजन काट्यावर. काटा कारखान्याचा, वही मुकादमाची. बाई बाळंत झाली, अंगात ताप आला, कामावर गेली नाही, की खाडा. खाड्याचे पैसे वजा. हंगाम सरला तरी उचल फिटत नाही, बाकी पुढच्या साली चढते. काट्यात चूक होते, वहीत चूक होते, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण माझा बाप, माझे चुलते इतकी वर्षं ऊस तोडत आले आणि वहीतली चूक तोडणाऱ्याच्या फायद्याची झाली, असं घरात एकदाही कुणी सांगितलं नाही. ज्या चुकीला दिशा असते तिला चूक म्हणू नये. तो नियमच असतो, फक्त लिहिलेला नसतो.

मित्रांनो, कसोटी इथं हाती लागते. पंचाची चूक दोन्हीकडं पडू शकते का? पडत असेल तर निर्णय कडू लागला तरी माना. एकाच बाजूवर पडत असेल तर तो पंच नव्हे, समोरच्या संघाचा बारावा गडी आहे. त्याच्यापुढं मान तुकवणं याला खिलाडूवृत्ती म्हणायचं कारण नाही. आणि एक ध्यानात घ्या, खिलाडूवृत्तीचे धडे नेहमी हरणाऱ्यालाच दिले जातात.

बर्मिंगहॅमला गोल फेडणाऱ्या वंदना कटारियाचीच गोष्ट घ्या. हरिद्वार जिल्ह्यातल्या रोशनाबादची ही दलित घरातली पोर. ३१ जुलै २०२१ ला टोकियो ऑलिम्पिकात दक्षिण आफ्रिकेविरुद्ध तिनं तीन गोल केले. ऑलिम्पिक हॉकीत हॅटट्रिक करणारी ती पहिली भारतीय स्त्री. पंचांनी तिन्ही गोल दिले. चार दिवसांनी भारत अर्जेंटिनाकडून उपांत्य सामना हरला, आणि तिच्या घरापुढं सवर्ण टोळक्यानं फटाके फोडले, नाचले, जातीवरून शिव्या दिल्या. संघात दलित फार झाले म्हणून हरलो, असं बोलले. घरच्यांनी तक्रार केली, गुन्हा दाखल झाला, अटक झाली. मैदानावरच्या पंचानं जे मान्य केलं ते गल्लीतल्या पंचानं अमान्य केलं. त्यानं गोल नाकारला नाही, गोल करणारीच नाकारली. देशाचा पराभव झाला आणि देशभक्तांनी फटाके वाजवले! या पंचापुढं कसली खिलाडूवृत्ती दाखवायची?

मग काय करायचं? पंचाला लाथ घालायची? तरण्या रक्ताला पहिलं हेच सुचतं. इथं महाड नीट वाचायला पाहिजे. आपण दरसाल २० मार्चला महाडचं नाव घेतो, पण त्याच सालच्या डिसेंबरपर्यंत वाचत जात नाही.

सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा बोले ठराव मुंबई कायदे कौन्सिलात १९२३ साली झाला. १९२४ साली महाड नगरपालिकेनं चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. गोल कागदावर झाला होता. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब आणि हजारो माणसं तळ्यावर गेली, पाणी प्याली. परतणाऱ्या आपल्या माणसांची डोकी फोडली गेली. शेणा-मुताचं पंचगव्य ओतून तळं 'शुद्ध' केलं गेलं. आणि ४ ऑगस्ट १९२७ ला नगरपालिकेनं आपला ठरावच मागं घेतला. झालेला गोल तीन वर्षांनी रद्द!

डिसेंबरात पुन्हा सत्याग्रह ठरला. हजारो लोक नाव नोंदवून तयार होते. तोवर सनातनी कोर्टात गेले आणि दावा निकाली निघेपर्यंत तळ्यावर जाऊ नये असा मनाई हुकूम घेऊन आले. बाबासाहेबांनी तो हुकूम पाळला. जमलेल्या लोकांना तळ्यावर पाणी भरण्यापासून थांबवलं. पण त्याच परिषदेत, २५ डिसेंबर १९२७ ला, मनुस्मृती जाळली.

हे दोन निर्णय शेजारी ठेवून बघा. कोर्टाची शिट्टी मानली, मनूची जाळली. हा भित्रेपणा नव्हे आणि विसंगतीही नव्हे. कोर्टात आपली बाजू मांडता येत होती, पुरावा देता येत होता, निकाल आपल्याकडून लागण्याची वाट उघडी होती. मनुस्मृतीत ती वाट नव्हतीच. तिथं खेळ सुरू व्हायच्या आधी, आईच्या पोटातच निकाल लागलेला होता. एका पंचाशी वाद घालता येत होता म्हणून त्याचा मनाई हुकूम पाळला. दुसऱ्याशी वादच घालता येत नव्हता म्हणून त्याचं नियमांचं पुस्तकच आगीत टाकलं. कोर्टातला दावा दहा वर्षं चालला. १७ मार्च १९३७ ला मुंबई हायकोर्टानं निकाल आपल्या बाजूनं दिला.

दहा वर्षं हा काळ थोडा नाही. मराठवाड्याला तर सोळा मोजावी लागली. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव केला. गोल झाला. आणि मराठवाडाभर आपल्या वस्त्या पेटल्या. पोचीराम कांबळेंचा जीव गेला. ठराव बासनात पडला. लाँग मार्च निघाले, पोरं तुरुंगात गेली, १९९३ साली नांदेडात गौतम वाघमारेनं स्वतःला जाळून घेतलं. १४ जानेवारी १९९४ ला नाव आलं, तेही 'मराठवाडा' हा शब्द तसाच ठेवून, नामविस्तार म्हणून. सोळा वर्षं आपल्याला सांगत होते, समजुतीनं घ्या. सोळा वर्षं आपल्या माणसांनी एकच गोष्ट केली. गोल झालाच नव्हता, असं कुणालाही म्हणू दिलं नाही.

आपल्यातले काही जण २५ नोव्हेंबर १९४९ चं संविधान सभेतलं भाषण पुढं करतात. बाबासाहेबांनीच सत्याग्रह सोडा म्हटलं होतं, तेव्हा गप बसा. ही माणसं भाषण अर्धंच वाचतात. सनदशीर मार्ग खुले असताना बेसनदशीर मार्ग नको, असं ते म्हणाले. ते मार्ग खुले नव्हते तेव्हा दुसऱ्या मार्गांना बरंचसं समर्थन होतं, हेही त्याच भाषणात आहे. म्हणजे तिथंही कसोटी तीच. दाद मागायची वाट खुली आहे का? आणि ती नुसती कागदावर खुली आहे, की फडातल्या बाईला तिथवर पोचता येतं?

तेव्हा हॉकीवेड्या पोरांना माझं उत्तर असं. सवितानं अडवलं, हे घडलेलं आहे. ते मोजलं गेलं नाही, हा निर्णय आहे. पंच निर्णय देऊ शकतो, घडलेलं पुसू शकत नाही. बर्मिंगहॅमचा निर्णय माना, पण अडवलंच नव्हतं असं म्हणू नका. पहिल्या पोरानं पंच मानला हे बरं केलं. दुसऱ्यानं डोळ्यांनी पाहिलेलं सोडलं नाही, हे त्याहून बरं केलं. कार्यकर्त्याला दोन्ही जमलं पाहिजे.

आणि नुसतं प्रेक्षकांत बसून ओरडून भागत नाही. शिट्टी हातात घ्यायला शिका. कायदा शिका, कारकुनी शिका, पंचनामा वाचायला शिका, काट्याचं वजन ताडून बघायला शिका. या दसऱ्यानंतर गाड्या निघतील तेव्हा आपल्या टोळीसोबत एक वही द्या. फडावर जो कुणी लिहिता-वाचता असेल त्यानं रोज लिहावं. तारीख, किती मोळ्या, किती टन, खाडा कुणाचा आणि कशापायी. मुकादमाची वही त्याच्याजवळ राहू द्या. हिशेबाच्या दिवशी दोन्ही वह्या समोरासमोर ठेवायच्या.

जय भीम.