उत्तर कोणाचे?

कादंबरीतील पात्राची करणी लेखक ठरवितो. संगणकीय खेळातील पात्राची कोण? १९९९ सालच्या 'प्लेनस्केप : टॉर्मेंट' या खेळात ख्रिस अ‍ॅव्हेलोन व सहकाऱ्यांनी एक अनाम नायक रंगविला. प्रायश्चित्तास एक आयुष्य अपुरे पडेल म्हणून त्याने अमरत्व मिळविले. परंतु पहिल्याच मरणात स्मृती पुसली गेली आणि पुढील प्रत्येक मरणाची किंमत दुसऱ्याच कोणी प्राण देऊन चुकविली. मनुष्याचा स्वभाव कशाने पालटतो, असे रेव्हल ही चेटकीण त्याला विचारते. त्याचे स्वतःचे असेल, तर कोणतेही उत्तर ती स्वीकारते. लेखक प्रसंग रचतो. निवड, आणि म्हणून जबाबदारीही, आपली उरते. मात्र आपली करणीच आपण विसरलो, तर पश्चात्ताप कशाचा करणार?