कंपाउंडबाहेरची मंडळी

रविवारची उपासना संपते, सूचना वाचून होतात, अर्पणाचा आकडा वहीत चढतो आणि दाराला कुलूप लागते. मराठवाड्यातल्या आपल्या लहान मंडळ्यांत श्रद्धेला तोटा नाही. पण सेवाकार्याचा विषय निघाला की डोळे पाळकाकडे, नाहीतर बाहेरून येणाऱ्या मदतीकडे वळतात. मिशन म्हणजे कोणीतरी आपल्यासाठी चालवायचे काम, ही समजूत मिशन कंपाउंडच्या दिवसांपासून हाडीमाशी खिळली आहे.

ती मोडायला रेव्हरंड नारायण वामन टिळक निघाले होते. 1895 साली बाप्तिस्मा घेतलेल्या या कवीने 1917 मध्ये अमेरिकन मराठी मिशन सोडले, पगारावर पाणी सोडले आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा न झालेल्या ख्रिस्तभक्तालाही तिथे जागा होती. 1919 मध्ये ते गेले आणि दरबार मूळ धरण्याआधीच थांबला. तरी तो फसला असे मी म्हणणार नाही. पैसा परक्याचा, पद्धत परक्याची, तर साक्ष आपली कशी, हा पेच त्यांनी अंगावर घेतला. अभंग आणि कीर्तन त्यांनी उपासनेत आणले ते त्याच ओढीने. नर्सी नामदेव ज्या जिल्ह्यात आहे, त्या हिंगोलीत तरी कीर्तनाची ताकद कोणाला समजावून सांगायला नको.

पाळकाने आता उपदेश थोडा आखडता घ्यावा आणि कामे वाटून द्यावीत. दिवाळीनंतर ऊसतोडीला टोळ्या जातात. मागे घरात म्हातारी आणि शाळेतले नातवंड उरते. तिच्या बीपीच्या गोळ्या संपल्या का, हे बघायला मंडळीतल्या दोघींनी आठवड्यातून एकदा जावे, लागले तर तिला सरकारी दवाखान्यात न्यावे. ती कोणत्या धर्माची हे विचारू नये आणि बदल्यात उपासनेला ये म्हणू नये. तिने आपणहून विचारले, तर ख्रिस्ताचे नाव मोकळेपणाने सांगावे. या जाण्यायेण्याचा खर्च कमिटीने चर्चच्या रंगरंगोटीआधी बाजूला काढावा.

आम्ही मूठभर, त्यातून गरीब, असे उत्तर येते. हिंगोली निजामाच्या राज्यात होती तेव्हा त्याच राज्यात, दोर्नाकलला, 1912 पासून बिशप अझरय्या होते. नव्याने बाप्तिस्मा घेतलेल्यांना ते स्वतःच्या डोक्यावर हात ठेवून सुवार्ता सांगण्याची शपथ घ्यायला लावत. त्यांतले बहुतेक शेतमजूर होते, अक्षरओळख नसलेले.